आडनावाची चौकशी झाली, करारनाम्याचे काय?

अमरावती : बारावीचे निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की राजापेठ चौकातून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्यांत फाटकांवर पाट्या लटकू लागतात. ‘खोली किरायाने देणे आहे’ एवढा मजकूर, खाली मोबाइल क्रमांक आणि त्याखाली अटीची एक ओळ. कुठे ‘फक्त फॅमिली’, कुठे ‘मुलींकरिता’, कुठे ‘नोकरदारांना प्राधान्य’. पाटी वाचून फाटकाची कडी वाजविणाऱ्याची परीक्षा त्या ओळीपासूनच सुरू झालेली असते.

या भागाला किरायेदारांची वाण कधी पडत नाही. १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, बडनेऱ्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि विभागाचे मुख्यालय म्हणून असलेली सरकारी कार्यालये यांच्यामुळे दर्यापूर, अंजनगाव, वरुड, धारणीकडची मुले, बदलीवर आलेले कर्मचारी, दवाखान्यांतील परिचारिका अशी माणसे दरवर्षी घर शोधत येतात. घर देणाराही बहुधा मोठा धनिक नसतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून वरचा माळा चढविलेला शिक्षक, पतीच्या पश्चात मागच्या दोन खोल्यांच्या किरायावर घरखर्चाची तोंडमिळवणी करणारी गृहिणी, मुले पुण्याला स्थायिक झाल्याने अर्धे घर रिकामे पडलेले वृद्ध दांपत्य. यांच्यापैकी कोणालाही चुकीचा किरायेदार परवडणारा नसतो. किराया थकला तर महिन्याचा हिशेब कोसळतो आणि माणूस निघेना झाला तर घरच हातचे गेल्यासारखे होते.

म्हणून चौकशी होते, आणि ती कसून होते. ओसरीवरच्या या मुलाखतीत आधी गाव विचारले जाते, मग आडनाव, मग घरी कोण कोण आणि शेती किती. ‘काका, मी दर्यापूरकडचा,’ असे मुलाने सांगताच ‘दर्यापूरला आमचे साडू असतात’ असे उत्तर येते आणि तो समोर बसलेला असतानाच साडूंना फोन लागतो. वऱ्हाडात गावे जवळजवळ आणि नातीगोती दाट, त्यामुळे ही पद्धत अगदीच वाया जाणारी नाही. मुलाचे वडील कोण, घराण्याची पत कशी, हे पाच मिनिटांत कळते. एक प्रश्न मात्र खास या भागातला आहे : ‘कूलर लावणार काय?’ उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या गावात कूलर वीज आणि पाणी दोन्ही ओढतो. मीटर एकच असेल तर मे महिन्याचे बिल हेच पुढच्या भांडणाचे पहिले कारण ठरते.

या साऱ्या चौकशीत माणूस उलटासुलटा करून पाहिला जातो. कागदाची पाळी येते तेव्हा मात्र कोपऱ्यावरच्या टंकलेखकाकडून अकरा महिन्यांचा छापील मजकूर आणला जातो, मुद्रांकावर दोघांच्या सह्या होतात, फार तर नोटरीचा शिक्का बसतो आणि किल्ली दिली जाते. कित्येकदा तेवढेही होत नाही. ज्या एका गोष्टीवर घरमालकाचे घर खऱ्या अर्थाने सुरक्षित राहते, ती नेमकी येथे निसटते.

पन्नास वर्षांचा धाक

घरमालकाच्या मनातील भीती उगाच आलेली नाही. अमरावती आणि अकोला हे जिल्हे जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. तेथे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार लेटिंग ऑफ हाऊसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९’ लागू झाला. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी विदर्भापुरता तोच आदेश कायम राहिला. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा आणि वऱ्हाडात हा आदेश, अशा तीन वेगळ्या राजवटी एकाच राज्यात नांदत होत्या.

१९४९ च्या आदेशाने घरमालकाचे हात दोन प्रकारे बांधले होते. घर रिकामे झाले की ते जिल्हा प्रशासनाला कळवावे लागे, आणि प्रशासन ते घर सरकारी नोकरासारख्या गरजू व्यक्तीला देण्याचा आदेश काढू शके. म्हणजे किरायेदार निवडण्याचा अधिकारच पूर्णपणे आपला नव्हता. आणि एकदा आलेला किरायेदार काढायचा तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव, घरमालकाची स्वतःची खरी गरज अशी ठराविक कारणे सिद्ध करावी लागत. परवानगी मिळाली तरी तिच्याविरुद्ध अपील, त्यानंतर भाडेपट्टा संपविण्याची नोटीस आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा. या पायऱ्या चढता चढता वर्षे सरत. जुन्या वस्तीतील अनेक घरांत आजोबांनी ठेवलेला किरायेदार नातवाच्या काळापर्यंत राहिला, तो यामुळेच.

आज ओसरीवर मुलाखत घेणाऱ्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिले आहे. ‘एकदा घुसला की निघत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडी बसले आहे ते तेथून. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि त्याने हे तिन्ही जुने कायदे रद्द केले. भीती टिकली, तिचे कारण मात्र पुष्कळ अंशी उरले नाही. घरमालकाने नवा कायदा वापरला तरच, एवढी अट आहे.

कलम २४ आणि कलम ५५

नव्या कायद्यात निवासासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ तत्त्वावर दिलेल्या घराकरिता स्वतंत्र तरतूद आहे. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत राहणाऱ्याला प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर कब्जा देण्याचा आदेश होऊ शकतो. मुदतीनंतर जितके दिवस तो घरात राहील तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारनामा हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. साक्षीदार, शेजारी, साडू यांची गरज पडत नाही.

दुसरे कलम आहे ५५. करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, असे ते सांगते. ही जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही, तर कोणत्या अटींवर घर दिले होते याविषयी किरायेदार जे म्हणेल ते ग्राह्य धरले जाते आणि ते चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो. लायसन्सवर राहणारा माणूस उद्या उठून ‘मी रीतसर भाडेकरू आहे’ असे म्हणू लागला, तर कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण त्याच्या बाजूने उभे राहू शकते. शिवाय नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज कोठून आला? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुळे मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. नोटरीच्या शिक्क्याने ती उणीव भरून निघत नाही.

खर्चाचा बाऊही विनाकारण केला जातो. समजा, किराया महिना ८ हजार, मुदत अकरा महिने आणि परत द्यावयाची अनामत २० हजार आहे. मुद्रांक शुल्क एकूण किराया अधिक अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. वरील उदाहरणात ते सव्वादोनशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. त्यात किरकोळ आकार मिळवला तरी दोघांत वाटून घेतल्यावर एका माणसाच्या वाट्याला महिन्याभराच्या दुधाच्या बिलाएवढीही रक्कम येत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात हेलपाटेही घालावे लागत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेत आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांच्या आधारे घरबसल्या नोंदणी होते.

मग ती टाळली का जाते? एक कारण आळसाचे आणि दुसरे उघडपणे न बोलण्याचे. नोंदलेला करार म्हणजे किरायाच्या उत्पन्नाची लेखी कबुली. नोकरदाराने वर्षाला एक लाखाहून अधिक किरायावर घरभाडे भत्त्याची करसवलत मागितली, तर त्याला घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. त्यामुळे पाटीवर ‘नोकरदारांना प्राधान्य’ आणि बोलताना ‘पावती मिळणार नाही’ असा विसंगत कारभार चालतो. किराया मिळाल्याची पावती देणे हे कायद्याने घरमालकाचे कर्तव्य आहे, हे येथे नमूद केलेले बरे.

पोलिसांकडे कशासाठी?

‘पोलिस व्हेरिफिकेशन केले’ असे घरमालक समाधानाने सांगतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा गैरसमज असतो. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणे आणि पोलिसांनी त्याच्या चारित्र्याची हमी देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत घरमालक छायाचित्र, ओळखपत्र, मूळ पत्ता आणि कामाचे ठिकाण कळवितो. ती माहिती राजापेठ ठाण्यात प्रत्यक्ष अर्जाने किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून देता येते. तिच्या उत्तरादाखल ‘हा माणूस चांगला आहे’ असे पत्र घरी येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ते ज्याचे त्याने शुल्क भरून मागावयाचे असते.

माहिती देण्याची सक्ती बहुधा पोलिस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रतिबंधात्मक आदेशाने होते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अशा आदेशाची मुदत सामान्यतः दोन महिन्यांपर्यंत असते, म्हणून तो पुनःपुन्हा काढला जातो. आदेश लागू असताना तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो. आदेश असो वा नसो, माहिती देऊन पोच जपून ठेवणे घरमालकाच्याच हिताचे असते. उद्या काही विपरीत घडले आणि पोलिस दारात आले, तर ती पोच बोलते.

काय विचारावे, कोणाला विचारावे

किरायेदाराची पारख करण्यात गैर काही नाही. ती योग्य गोष्टींची व्हावी, इतकेच. हा माणूस स्वतःला जो म्हणवितो तोच आहे का, किराया देण्याजोगे त्याचे उत्पन्न आहे का आणि आधीचे घर त्याने कसे सोडले, एवढे कळले की पुष्कळ कळले.

ओळखीसाठी आधारची छायाप्रत घेतली जाते, परंतु छायाप्रत कोणीही बनवू शकतो. आधारवरील क्यूआर कोड अधिकृत अॅपने वाचला की नाव आणि छायाचित्र खरे आहे का ते कळते. किरायेदाराने बारापैकी शेवटचेच चार अंक दिसतील असे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. घरमालकाला पूर्ण क्रमांकाची गरज नसते, आणि छायाप्रती किराणा दुकानातील रद्दीत सापडणे कोणालाच हितावह नाही. विद्यार्थी असेल तर महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि पालकांची करारावर सही, नोकरदार असेल तर नियुक्तिपत्र किंवा पगाराची चिठ्ठी पुरते.

सर्वांत मोलाची माहिती आधीच्या घरमालकाकडे असते. येथे एक गोम आहे. सध्याचा घरमालक किरायेदाराला कंटाळलेला असेल, तर तो त्याची तोंडभरून स्तुती करील, कारण ब्याद टळावी ही त्याचीच इच्छा असते. म्हणून त्याच्याही आधीच्या घरमालकाला विचारावे. त्याला खोटे बोलण्याचे कारण उरलेले नसते.

इंटरनेटचा उपयोग करणारे काही जण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहतात. जिल्हा न्यायालयांतील प्रकरणे पक्षकाराच्या नावाने तेथे शोधता येतात हे खरे. पण वानखडे, देशमुख किंवा इंगळे एवढेच टाकल्यास निम्मा जिल्हा आरोपी वाटू लागेल. आणि दाखल झालेले प्रकरण म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. शेताच्या धुऱ्यावरून भावाने भावावर केलेला दावाही तेथेच दिसतो.

आडनावाचा प्रश्न

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आडनावाकडे, वळणे भाग आहे. आडनावावरून थकबाकीचा अंदाज येत नाही, जात आणि धर्म तेवढा कळतो. हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यालाही. मग ‘खोली कालच गेली’ असे सांगितले जाते, पाटी मात्र फाटकावर तशीच राहते. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीला ‘भेटायला कोण येणार’ हे विचारले जाते, तिच्या पगाराची चिठ्ठी कोणी पाहत नाही. अविवाहित मुलांना सरसकट नकार मिळतो.

या नकाराची मोजदाद करण्याचे श्रम ज्यांनी घेतले, त्यांत मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थशास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात हे प्रमुख आहेत. दिल्ली आणि तिच्या परिसरातील शहरांत त्यांनी सहकाऱ्यांसह केलेली पाहणी २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. घर शोधणाऱ्यांनी वेगवेगळ्या आडनावांनी घरमालकांशी संपर्क साधला, तेव्हा उच्चवर्णीय नावांना सहज होकार मिळाला, दलित नावांना त्याहून पुष्कळ कमी आणि मुस्लिम नावांना सर्वांत कमी. होकार मिळाला तेथेही कित्येकदा जादा अटी घातल्या गेल्या.

कायदा याबाबतीत तोकडा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे, खासगी घर किरायाने देण्याचा नाही. अमेरिकेत १९६८ च्या ‘फेअर हाउसिंग’ कायद्याने वंश, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारण्यास बंदी घातली. तेथील घरमालक अर्जदाराचा पतअहवाल मागवितो आणि त्या अहवालामुळे नकार दिल्यास तसे अर्जदाराला कळविण्याचे बंधन त्याच्यावर असते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क तपासण्याची सक्ती घरमालकावर आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या किरायाहून अधिक नसावी असे म्हटले आहे. परंतु राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही.

किरायेदारानेही पाहावे

परीक्षा एकतर्फी असण्याचे कारण नाही. घर दाखविणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे किरायेदाराने तपासावे. मालमत्ता कराची पावती, महावितरणचे बिल, आखिव पत्रिका किंवा खरेदीखत यांपैकी काही पाहण्याची मागणी केली तर प्रामाणिक मालक रागावत नाही. मालक बाहेरगावी असून पुतण्या किंवा शेजारी व्यवहार करीत असेल, तर त्याच्याकडे मुखत्यारपत्र आहे का ते विचारावे. अनामत बँकेतूनच द्यावी.

फसवणूक उलट्या बाजूनेही होते. संकेतस्थळावरची जाहिरात पाहून ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे’ असे सांगणारा फोन येतो. घर न पाहताच तो पसंत करतो आणि अनामत पाठविण्यासाठी एक क्यूआर कोड धाडतो. घरमालक तो स्कॅन करून पिन टाकतो आणि त्याच्याच खात्यातून रक्कम जाते. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिनही टाकावा लागत नाही. घर न पाहता घेण्याची घाई करणाऱ्याला फोनवरच निरोप देणे उत्तम.

एवढे करूनही बिनसले तर? घरमालकाने कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर काढणे किंवा वीज-पाणी तोडणे हा उपाय नव्हे. अत्यावश्यक सेवा तोडण्यास कलम २९ ने मनाई आहे. बळाने बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न विचारला जात नाही.

किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरच्या आकड्याचे, भिंतींचे आणि नळांचे मोबाइलवर छायाचित्र काढावे, पंखे-दिवे-किल्ल्या मोजून यादीवर सह्या कराव्यात आणि अनामत घर सोडल्यावर किती दिवसांत, कोणती वजावट करून परत मिळेल ते करारात लिहून घ्यावे. कूलरच्या विजेचे काय, तेही त्याच कागदावर.